एज ऑफ एम्पायर्स २ : डेफिनिटिव्ह एडिशननंतर खेळ खरंच बिघडला, की आपलंच वय झालं?

मेंढ्या_आधी

एज ऑफ एम्पायर्स २ या मध्ययुगीन युद्धाच्या संगणकीय खेळात कॉन्करर्स या २००० सालच्या विस्तारावर वाढलेली जुनी मंडळी आणि डेफिनिटिव्ह एडिशन (डीई) या नव्याने काढलेल्या आवृत्तीवाली नवी मंडळी यांचं भांडण काही मिटत नाही. एकाने म्हणायचं, २००० साली १८ सिव्ह, म्हणजे खेळायला घ्यायचे लोकसमूह, होत्या, प्रत्येक तोंडपाठ होती. मे २०२५ मध्ये थ्री किंगडम्स ही डीएलसी (वेगळी विकत घ्यायची भर) आली आणि आकडा ५० वर गेला, आता समोर कोण आलंय हे कळेपर्यंत मॅच संपते. दुसऱ्याने म्हणायचं, खेळ आजइतका संतुलित कधीच नव्हता, तुम्हाला फक्त सायबर कॅफे आठवतोय.

मला आठवणी नकोत, हिशेब हवा. मूळ खेळ, म्हणजे व्हिलेजर (कामकरी), एज (फ्यूडल, कॅसल, इम्पीरियल असे चढायचे टप्पे), भाला-घोडा-बाण हे एकावर दुसरा भारी पडायचं चक्र, यात नेमकं काय बदललं? नव्या डीएलसींनी त्यात खरंच काही मोडलं का? आणि फौज दरवाजात अडकते, नाइट (चिलखती घोडेस्वार) पळणाऱ्या व्हिलेजरमागे नुसता धावत राहतो, ही तक्रार खरी की हात कच्चा असल्याचं निमित्त? शिवाय आज कुणी नव्याने सुरुवात करत असेल तर कुठली डीएलसी घ्यावी आणि कुठली सोडावी, तेही सांगा.

पाइकमन_परवडतो

पायाला हात लागलेला नाही, हे आधी मान्य करू. सुरुवातीला ३ व्हिलेजर, एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार), २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. व्हिलेजर ५० अन्नाचा, २५ सेकंदांचा. फ्यूडलला ५०० अन्न आणि १३० सेकंद, कॅसलला ८०० अन्न आणि २०० सोनं. सगळं तेच. साधा स्काउट रश, म्हणजे स्काउट काढून लवकर हल्ला, घ्या: पहिले ६ व्हिलेजर मेंढ्यांवर, पुढचे ४ लाकडावर, एक जण रानडुक्कर ओढून आणणार, ४ बेरीवर, मग दुसरं डुक्कर, उरलेले लाकडाकडे, आणि १९-२० व्हिलेजर झाले की फ्यूडलचं बटण. चढता चढता १७५ लाकडाची बॅरक, पोचल्याबरोबर १७५ चा तबेला. हा क्रम कॉन्करर्समध्ये चालायचा आणि आजही चालतो. वीस वर्षांनी परत आलेला माणूस पहिली दहा मिनिटं तरी हरवत नाही.

भांडण सुरू होतं ते लढाईत. या खेळाची सगळी गंमत एका गोष्टीवर उभी होती: समोरचं युनिट दिसलं की उत्तर डोक्यात तयार. नाइट ६० अन्न आणि ७५ सोन्याचा, १०० जीव, २ चिलखत. पाइकमन (भालेवाला) ३५ अन्न, २५ लाकूड, सोनं शून्य. पाइकमनचा मार ४, चिलखत वजा जाता २, त्यावर घोड्याविरुद्ध २२ जादा, म्हणजे एका घावाला २४. पाच घावांत नाइट आडवा. हे एकदा पाठ झालं की आयुष्यभर पुरतं.

आता जानेवारी २०२१ मधलं लॉर्ड्स ऑफ द वेस्ट घ्या. सिसिलियन आले, आणि त्यांच्या फौजेवर जादा माराचा परिणाम निम्माच. दिसायला तोच नाइट, तेच चित्र, तोच घोडा. पण २२ चे झाले ११, एका घावाला १३, म्हणजे पाचऐवजी आठ घाव. तुम्ही योग्य युनिट काढलं, योग्य संख्येत काढलं, योग्य जागी उभं केलं, आणि तरी हरलात. नंतर पॅचने (खेळाच्या दुरुस्तीने) ती सूट एक-तृतीयांशावर आणली, तेव्हा सहा घावांत काम व्हायला लागलं. बर्गंडियनांचा कुस्तिलिए हा घोडेस्वार त्याच डीएलसीतला. त्याचा पहिला फटका जबर, मग तो दम भरून घेतो. दम दाखवणारी पट्टी कुणाची भरलीय हे तीस घोड्यांच्या गर्दीत बघणार कोण? एप्रिल २०२२ मध्ये गुर्जरांचा श्रीवंश रायडर आला तो बाण चुकवत. द्रविडांचा उरुमीवाला आला तो पुन्हा तसाच दम भरून मारायचा फटका (चार्ज) घेऊन.

ताकदीबद्दल माझी तक्रार नाही. ताकद पॅचने कमीजास्त होते, होत आलीय. तक्रार ही की पडद्यावर जे दिसतं त्यावरून उत्तर काढता येत नाही. पन्नास सिव्ह असू द्यात, पण घोडा दिसला तर तो घोड्यासारखा मेला पाहिजे.

हून_विरुद्ध_हून

घावांचा हिशेब छान, पण त्यावरून कॉन्करर्स म्हणजे रामराज्य होतं असं कुणी समजू नये.

१९९९ च्या एज ऑफ किंग्जमध्ये, म्हणजे कॉन्करर्सच्या आधीच्या आवृत्तीत, टाउन सेंटरला (गावाच्या मुख्य इमारतीला) फक्त २७५ लाकूड लागायचं. कॅसल एजला पोचायचं आणि शत्रूच्या दारातच टाउन सेंटर ठोकायचं, हा रीतसर डाव होता. त्यात ट्यूटन असतील तर विषयच संपला. कॉन्करर्सने त्यावर १०० दगडांचा भार टाकला तेव्हा कुठे ते थांबलं. म्हणजे ज्या खेळाला आपण ‘मूळ’ म्हणतो तोच मुळात दुरुस्त केलेला खेळ आहे. शेत आपोआप पुन्हा पेरायची मिलमधली रांगसुद्धा कॉन्करर्सची, आधी प्रत्येक शेत हाताने.

आणि कॉन्करर्सने तरी काय साधी युनिटं दिली? हूनांना घरंच नकोत. अझ्टेक आणि माया यांना घोडेच नाहीत, त्याऐवजी ईगल, जे पायदळ असून घोड्यासारखं पळतं. कोरियनांना टॉवरची अपग्रेड फुकट. तेव्हाही लोक ‘हे काय नवीनच’ म्हणत होते. मग अरेबिया या मोकळ्या नकाशावर जो तो हून घेऊन बसला. १८ सिव्ह कागदावर, मैदानात तीन-चार. आज रँक्डमध्ये (क्रमवारीच्या सामन्यांत) अरेबियावर विसेक सिव्ह बिनदिक्कत घेता येतात, हा फरक १८ विरुद्ध ५० या आकड्यात दिसत नाही.

‘दिसत नाही’ या मुद्द्याबद्दल. कॉन्करर्समध्ये पाइकमनचा २२ हा आकडा कुठे लिहिलेला होता? खेळात नव्हता. तो लोकांनी फाइली उघडून शोधला आणि इंटरनेटवर टाकला. डीईमध्ये युनिटवर माउस नेला की ते कशापुढे भारी, कशापुढे कच्चं हे लिहून येतं. टेक ट्री, म्हणजे कुठल्या सिव्हला काय मिळतं त्याचा तक्ता, चालू मॅचमध्ये उघडता येतो, समोरच्या सिव्हचासुद्धा. सिसिलियन समोर आला तर लोडिंग संपल्यावर पहिला व्हिलेजर रांगेत लावायचा, आणि मेंढ्या शोधत असताना त्याचे बोनस वाचून घ्यायचे. सगळी मिळून चार-पाच ओळी असतात.

श्रीवंशचं उत्तर तर अगदीच सोपं आहे. तो फक्त फेकलेलं चुकवतो, हातघाईचा घाव चुकवत नाही. त्याच्यावर आर्चरांची थप्पी लावणाऱ्याला तो त्रास देतो. भाले काढा, उंट काढा, मरतो. यात चक्र मोडलं कुठे?

पाइकमन_परवडतो

श्रीवंशचं मान्य. पण मग थ्री किंगडम्सच्या हीरोंचं, म्हणजे एकेकट्या खास सरदारांचं, काय? वेईला साओ साओ, शूला लिऊ बेई, वूला सुन जियान, आणि तेही कॅम्पेनमध्ये (एकट्याने खेळायच्या कथेत) नव्हे, रँक्डमध्ये, इम्पीरियलला पोचल्यावर काढता येणारे. या खेळात आजवर किंमत संख्येत मोजली जायची: त्याचे २० नाइट, माझे ३५ पाइकमन, कुणाचं सोनं आधी संपतं. हीरो एकच निघतो, आजूबाजूच्या फौजेला बळ देतो आणि त्याला उत्तर म्हणून माझ्याकडे कुठला प्रकार नाही, फक्त ‘त्याच्यावर सगळे सोडा’ एवढंच. हे वॉरक्राफ्ट ३ चं गणित आहे. तो खेळही उत्तम आहे, पण वेगळा आहे. स्टीम या खेळ विकणाऱ्या साइटवर लोकांनी लाल अंगठे (नापसंती) दिले ते काही सिव्ह वाढल्या म्हणून नाही दिले.

हून_विरुद्ध_हून

हीरोंबद्दल वाद नाही. ते कॅम्पेनमध्येच ठेवायला हवे होते. नोव्हेंबर २०२४ च्या क्रॉनिकल्स : बॅटल फॉर ग्रीसमध्ये अथेन्स, स्पार्टा, अखेमेनिड हे तिघं रँक्डच्या बाहेर ठेवले, तेव्हा फारशी कुरकुर झाली नाही. तीच रीत इथे चालली असती.

लॉकस्टेप

सिव्हचं तुम्ही बघा, मी अडकणाऱ्या फौजेबद्दल लिहितो. तक्रार खरी आहे, पण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

पहिली म्हणजे लॅग, म्हणजे खेळ रेंगाळणं. हा खेळ लॉकस्टेपवर चालतो: सर्व्हर युनिटं हलवत नाही, प्रत्येकाचा पीसी पूर्ण मॅच स्वतः मोजतो आणि फक्त हुकूम इकडून तिकडे जातात. त्यामुळे चार विरुद्ध चारमध्ये आठ जणांतला सर्वांत हळू पीसी सगळ्यांचा वेग ठरवतो. आठ खेळाडू गुणिले प्रत्येकी २०० म्हणजे सोळाशे युनिटांचे रस्ते एकाच वेळी. म्हणून तर रँक्डआधी पीसीची ताकद मोजणाऱ्या बेंचमार्क चाचणीत १००० गुण मागतात. ती जेमतेम पास होत असेल तर फुकट मिळणारा एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक आधी काढून टाका, सावल्या आणि पाण्याचे इफेक्ट खाली आणा, आणि ब्राउझर बंद. स्वतः लॉबी (सामन्याची खोली) उघडत असाल तर सर्व्हर जवळचा आहे का तेही बघा, कारण हुकूम सगळ्यांकडे पोचेपर्यंत थांबावं लागतं. आर्चर मागे ओढून पुन्हा मारायला वळवताना जो ‘चिकटपणा’ जाणवतो तो बहुतेक वेळा हाच.

दुसरी गोष्ट फॉर्मेशन, म्हणजे फौजेची रांग. नाइट आणि पाइकमन एकाच गटात घेऊन क्लिक केलं की सगळी टोळी सर्वांत हळू युनिटच्या वेगाने चालते. अरुंद जागेत शिरताना रांग मोडते, पलीकडे गेल्यावर ती पुन्हा जुळवायला युनिटं मागे वळतात, तेवढ्यात समोरचा मारतो. त्यात घाबरून आपण आणखी पाच क्लिक करतो. प्रत्येक क्लिकला रांगेची जुळवाजुळव नव्याने सुरू, म्हणजे फौज जागीच नाचते. यात पाथफाइंडिंगचा (खेळ युनिटांना रस्ता शोधून देतो त्याचा) दोष थोडा, आपल्या बोटांचा जास्त. घोडदळ १ वर, बाणवाले २ वर, सीज (वेढ्याची यंत्रं) ३ वर, असे गट वेगळे ठेवा. खिंडीतून नेताना एकदाच क्लिक, तेही खिंडीच्या बरंच पलीकडे. स्वतःच्या भिंतीत एका टाइलची (जमिनीच्या एका चौकोनाची) फट ठेवून त्यातून चाळीस घोडे काढायच्या भानगडीत पडू नका, दोन दरवाजे लावा.

तिसरी गोष्ट मात्र खरोखरीची, डीईची स्वतःची. हातघाईवाली युनिटं पळणाऱ्याच्या मागे लागून घाव न घालता धावत राहतात, आणि दाट गर्दीत मागच्या ओळीतली युनिटं वळसा घ्यायचं सोडून जागच्या जागी धक्काबुक्की करतात. काही पॅचनंतर सुधारतं, काहींनंतर पुन्हा बिघडतं. ज्यांना ‘मला तर काही दिसत नाही’ म्हणायचंय त्यांनी सिनॅरिओ एडिटरमध्ये हा प्रयोग करावा: मधोमध भिंत, तिला एक टाइलची फट, एका बाजूला ३० नाइट, दुसऱ्या बाजूला ३० आर्चर आणि त्यांच्या मागे १० व्हिलेजर. फाइल सेव्ह करून ठेवायची आणि दर मोठ्या पॅचनंतर तीच चालवायची, आर्चरच्या मागच्या जागेवर एकच क्लिक देऊन. फटीतून शेवटचा नाइट निघायला किती वेळ लागला आणि पोचेपर्यंत किती मेले, एवढं लिहून ठेवा. नुसतं ‘आधी बरं होतं’ म्हणण्यापेक्षा हे बरं, आणि बग रिपोर्टला जोडताही येतं.

व्हिलेजरांचंही तेच. एका लंबर कॅम्पला (लाकूड जमा करायच्या तळाला) दहा-बारा जण लावले की ते एकमेकांना आपटत बसतात आणि लाकूड कमी येतं. पाच-सहा झाले की १०० लाकूड टाकून दुसरा कॅम्प. झाडं तोडून मागे सरकली की तिसरा. याला पॅच नाही, कॉन्करर्समध्येही असंच होतं.

देवगिरीकर

सगळे लढाईवर बोलतायत, मला इतिहासाच्या बाजूने बोलायचंय, कारण थ्री किंगडम्सवरचा राग निम्मा तिथला आहे.

या खेळातली सिव्ह म्हणजे लोकसमूह, शेकडो वर्षांचा. फ्रँक, माया, तुर्क. वेई, शू आणि वू ही एकाच चीनची तीन तुकडे झालेली राज्यं, इसवी सन २२० ते २८०, म्हणजे जेमतेम साठ वर्षं. चिनी सिव्ह खेळात १९९९ पासून आहेच. हे म्हणजे वेगळ्या समूहाला जागा देण्याऐवजी आहे त्यालाच पुन्हा तीनदा विकणं. आणि ज्यांची वाट लोक खरोखर बघत होते ते खितान आणि जुर्चेन त्याच पेटीत आले, पण त्यांना एकही कॅम्पेन नाही. तीन कॅम्पेन, तिन्ही थ्री किंगडम्सची.

काळ जुना आहे हा आक्षेप मात्र मला पटत नाही. कॉन्करर्समध्ये पाचव्या शतकातला अटिला आहे आणि १५९८ ची नोर्यांगची समुद्री लढाईही आहे. काळाची चौकट तेव्हापासूनच सैल.

याच्या शेजारी डायनॅस्टीज ऑफ इंडिया ठेवून बघा. २०१३ पासून ‘इंडियन्स’ नावाची एकच सिव्ह होती, पेशावरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच तंबू. २०२२ मध्ये तिचे हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार झाले आणि चारही खरोखर वेगळे खेळतात. द्रविडांना नाइट नाहीत, पण प्रत्येक एजला २०० लाकूड फुकट, म्हणून पाण्याच्या नकाशावर ते भारी. गुर्जर मेंढ्या मारत नाहीत, मिलमध्ये कोंडतात आणि अन्न ठिबकत राहतं. बंगाल्यांना एज चढल्यावर टाउन सेंटरमागे दोन व्हिलेजर मिळतात. चौघांकडेही रॅमऐवजी (तट फोडायच्या ओंडक्याऐवजी) चिलखती हत्ती, जो भिंत फोडतो पण भाल्यांपुढे मऊ. नव्या गोष्टी आहेत, पण कशामुळे काय होतं ते समजतं.

दख्खनला मात्र इथेही वाली नाही. यादव बसवायचे कुठे, गुर्जरांत की द्रविडांत? दोन्हीकडे ओढूनताणूनच. बहमनींना हिंदुस्तानींच्या खात्यात टाकावं लागतं. मराठे या खेळाच्या काळानंतरचे, त्यांची मागणी करण्यात अर्थ नाही. पण चाळीसेक वर्षांच्या शूला जागा मिळते तर देवगिरीला निदान एक कॅम्पेन मिळायला हरकत नव्हती. कुणाला हौस असेल तर सिनॅरिओ एडिटर आहेच, यादवांसाठी द्रविड न घेता गुर्जर घ्या, घोडदळ तरी धड मिळतं.

मेंढ्या_आधी

मुद्दे कळले. आता खरेदीचं सांगा. आणि एक शंका: डीएलसी घेतलीच नाही तर रँक्डमध्ये त्या सिव्ह समोर येत नाहीत ना?

हून_विरुद्ध_हून

येतात. तुम्हाला त्या निवडता येत नाहीत एवढंच, समोरच्याने घेतल्या असतील तर तुमच्याविरुद्ध त्या खेळणारच. त्यामुळे ‘मी जुनंच खेळतो’ हा मार्ग रँक्डमध्ये उपलब्ध नाही. मित्रांच्या लॉबीत आपापसात ठरवून जुन्या १८ पुरतं खेळता येतं, बरेच गट तसं खेळतातही.

खरेदीत माझं मत: नुसत्या मूळ डीईतच ३५ सिव्ह आणि ढीगभर कॅम्पेन आहेत, ती संपेपर्यंत पाकीट उघडू नका. त्यानंतर पहिली डायनॅस्टीज ऑफ इंडिया. एकट्याने खेळायची आवड असेल तर बॅटल फॉर ग्रीस, २१ प्रसंगांचं सलग कॅम्पेन आहे आणि नकाशे मेहनतीने केलेत. ते आवडलं तर पुढचं अलेक्झांडरचं, त्यात मॅसेडोनियन आणि थ्रेशियनांबरोबर आपला पुरूही आहे.

पाइकमन_परवडतो

रिटर्न ऑफ रोम सोडा. पहिल्या एज ऑफ एम्पायर्सचं मागचं अंगण वेगळ्या मेनूत आणून ठेवलंय आणि मूळ खेळाला मिळाले ते फक्त रोमन. व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्डमध्ये नवी सिव्ह एकही नाही, १९ सुटे प्रसंग, त्यातले बरेचसे आधी मोफत फिरत असलेल्यांवर बेतलेले. लॉर्ड्स ऑफ द वेस्टबद्दल वर पुरेशा शिव्या घातल्यात, पण सिसिलियन आता आवरते आहेत, सेलमध्ये मिळालं तर घ्या.

थ्री किंगडम्स खितान आणि जुर्चेनसाठी घ्यायचं असेल तरच घ्या, पूर्ण किमतीला नको. आणि घ्या किंवा न घ्या, रँक्डमध्ये वेई, शू किंवा वू समोर दिसले तर मॅच इम्पीरियलपर्यंत जाऊ देऊ नका. फ्यूडलमध्येच भिंत पुरी व्हायच्या आत तीन स्काउट त्याच्या लाकूडतोड्यांवर सोडा.

लॉकस्टेप

तीन नको, पाच. तीन स्काउटना दोन भालेवाले पुरतात.